हात लागलेली फाइल

रात्रभर ती पट्टी सरकत राहिली पडद्यावर.
धरणगावची थंडी, जिनिंगचं काटाघर,
मी गोधडीत, हात तेवढा बाहेर.
पहाटे सगळं नवं. प्रिंटरसुद्धा कुरकुरला नाही.

फक्त आवृत्ती विचारली, की म्हणायचं : अठरा.
टाकली होती बावीस.

खिडकीशी लोटनआप्पा, कापसाची गाठोडी घेऊन,
"हाई मशीन खोटं बोलस का वं, ताई?"
खोटं नाही आप्पा,
त्याला कोणी सांगितलंच नाही अजून.

बंद केलं, चालू केलं. अठरा.
आतला गाभा तपासला, तो बावीस.
एकेक पॅकेज उघडून पाहिलं. बावीस, बावीस.
मग सापडली एक फाइल, चार ओळींची,
तिच्यातूनच वाचून दाखवत होतं ते
पाढा पाठ केलेल्या पोरासारखं.

अपग्रेडनं तिला सोडून दिलं होतं,
कारण आधीच कुणा माणसाचा हात लागलेला.
जुनी ठेवू की नवी, असं विचारलं असेल मध्यरात्री,
मी डुलकीतच एंटर दाबलं असेल.

खाली पाचवी ओळ :
"छोटा काटा दीड किलो कमी दाखवतो. हिशेबात धरावे. सुभान पिंजारी."

सुभानचाचांना जाऊन चार हंगाम झाले.
ही ओळ मला कोणी दाखवली नव्हती.

अठरा खोडलं, बावीस लिहिलं.
ओळ राहू दिली.
बाहेर आले, वीस किलोचं माप
दोन्ही हातांनी ठेवलं छोट्या काट्यावर.

आप्पा वाकून बघत होते.
साडेअठरा.