रंग कुठं अडला

नायना रंगखान्यात होते, नखांत कायमचं निळं.
सुताची लड पिळून उन्हात धरायचे, म्हणायचे,
रंग धरला नाही ना, तिथं सुतातच
आधीपासून काहीतरी असतं.

सिव्हिलमध्ये काचेवर माझा फोटो लावला
तेव्हा तेच आठवलं.
आत सोडलेलं औषध दोन्हीकडं थोडं चढलं
मण्यामण्यांनी, तुटक,
आणि थांबलं.

खोकला? नाही.
ताप? संध्याकाळी कधीतरी.
हजार विड्या वळल्यावर कुणाचं अंग तापत नाही?
पाळी? कमी कमी होत गेली.
अत्तम्मा म्हणाली, बरंय की, त्रास वाचला.
घरात कुणाला टीबी होता?

नऊ वर्षं मला सगळ्यांनी सगळं विचारलं.
कुठल्या देवाचं तेल राहिलं,
गड्ड्यावर कुणाची नजर लागली.
हे कुणी नाही.

अम्मा.
मी दहाची. एका चादरीत झोपायचो,
तिच्या छातीत रात्रभर माग चालायचा.
माझ्या लग्नाच्या बोलणीत नायना म्हणाले, न्यूमोनियानं गेली.
मी आत पानं कापत होते.
कात्री थांबवली नाही.

छातीत नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या,
जिथं खोकला ऐकू येत नाही
तिथं जाऊन बसलाय.

पहिल्या गोळीनंतर लघवी केशरी झाली.
घाबरले नाही.
वाटलं, चला,
कुठंतरी रंग धरला.

अंबादास रातपाळीवरून आला.
रिपोर्ट दाखवला. अम्माचंही सांगितलं.
तो बराच वेळ कानातला कापूस काढत राहिला.
मग म्हणाला, नऊ वर्षांत
माझी एकदाही तपासणी नाही झाली.
आणि थोड्या वेळानं,
आईला काय सांगायचं?
मी म्हटलं, न्यूमोनिया नको.

सहा महिने. पंचवीसचा कट्टा बांधावा तशा
गोळ्या मोजल्या.
एकही चुकवली नाही.
जंतू गेले, बाई म्हणाल्या.
नळ्या उघडतील असं मात्र सांगत नाही.
त्या खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं
असं घरी येईपर्यंत वाटत होतं.

आज कारखान्यात सुगुणा शेजारी बसली.
लग्नाला पाच वर्षं, मनगटावर तीन गंडे.
सूप मांडीवर, तंबाखूची धूळ नाकात.
कुणी ऐकत नाहीसं बघून विचारलं,
तुझ्या घरात कुणाला टीबी होता का गं?

तिची कात्री
पानाच्या मध्यावर थांबली.