बिंदू एकसष्ट

नकाशात ती जागा निळी आहे.
निळं म्हणजे पाणथळ, हे मीच ठरवलं
गेल्या जुलैत, विद्यापीठातल्या त्या खोलीत
जिथला पंखा पाचावर ठेवला तरी
फिरू की नको असा विचार करत राहतो.

उपग्रहाचा एक ठिपका
तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद.
एवढ्यात नऊ घरं मावतात, एक सामायिक संडास,
केळीची तीन झाडं, दोरीवरचे गणवेश,
आणि रंग मात्र एकच द्यायचा असतो.

म्हणून खातरजमेला निघाले.
दोनशे बिंदू, भावाचे रबरी बूट,
आणि बोडावाला किगोंगो, जो दर वळणावर
इंजिन बंद करून म्हणतो,
"बाई, इथवरच. पुढचा रस्ता पोहायला गेलाय."

लुबिगीचं खोरं.
कंपालाच्या किती टेकड्या आपला उतार
इथे आणून टाकतात.
पूर्वी पपायरस होता, माणसाच्या दीडपट उंच.
पाऊस आला की आधी त्याच्या मुळांशी टेकायचा,
दम खायचा, डोक्यावरचा गाळ खाली ठेवायचा,
मग सावकाश पुढे.

हे मी सेन्कुबुगेंच्या वहीतून घेतलंय.
तेहेतीस वर्षं ते पुलाच्या खांबावरची पट्टी
सकाळ-संध्याकाळ वाचत आले,
पगार आठ वर्षांपूर्वीच थांबला, वाचन नाही.
एक्क्याण्णव: पाऊस दुपारी दोनला थांबला,
पाणी चढलं दुसऱ्या दिवशी, न्याहारी झाल्यावर.
दोन हजार आठ: पाऊस दोनला थांबला,
पाणी दिवेलागणीला.
मागच्या एप्रिलचं पान:
आता पाऊस थांबायची वाट पाणी बघत नाही.

याच वाक्यासाठी मला
प्रबंधात चाळीस पानं लागली.

चिखल इथलाच होता.
तो खणून विटा पाडल्या, निलगिरी जाळून भाजल्या,
खड्ड्यात मुरूम भरला,
आणि त्यावर त्याच विटांची घरं.
दलदल गेली कुठे, परीक्षक विचारतील.
कुठेच नाही, सर. ती उभी आहे.
तिला खिडक्या आहेत.

बिंदू एकसष्ट म्हणजे एक हिरवा दरवाजा.
उंबऱ्यावर गुडघाभर विटांचा बांध,
तो ओलांडूनच आत यायचं.
जुळ्यांची आई, म्हणून सगळे नालोंगो म्हणतात तिला;
नाव नाकायेंगा, हे मी फॉर्मसाठी विचारलं.
भिंतीवर कोळशाने वास्वा आणि नाकातोची उंची,
दर नाताळला एक रेघ.
मधेमधे तपकिरी रेघा, त्या कुणी काढलेल्या नाहीत.
दोन वर्षांपूर्वीची तपकिरी
नाकातोच्या रेघेच्या वर आहे.
मी टेप काढला, मोजलं, लिहिलं.
हात कापला असं लिहायला रकाना नाही.

"तुमचं घर माझ्या नकाशात पाणी आहे," मी म्हटलं.
छायाचित्र मे महिन्यातलं होतं, हे सांगायचं राहिलं.
ती खाटेखालून पातेली वर ठेवत होती.
"बरोबर आहे," म्हणाली, "पहाटे तीनपासून."

फॉर्मवर दोनच चौकोन:
नकाशा बरोबर. नकाशा चूक.
पेन दोन्हींच्या मधे उभं राहिलं.
"आणि पाऊस नसतो तेव्हा?"
"तेव्हा चूक. तेव्हा इथे आम्ही असतो."

तिने उकडलेल्या अळकुड्या पुढे केल्या,
मीठ वेगळं, कागदाच्या पुडीत.
बाहेर किगोंगोने हॉर्न दिला,
एक लांब, मग एक आखूड:
ढग आले, असा आमचा ठरलेला.

"तू कुठे राहतेस?"
नामुंगूनाच्या टेकडीवर, मी सांगितलं,
नवीन घर, अंगणभर फरशी,
सांडपाण्याला उतार अगदी चांगला काढलाय वडिलांनी.

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
बुटांपाशी थांबली.
"मग तुमचं पाणी ओळखते मी," म्हणाली.
"बस. खा आधी.
बूट राहू देत पायात."