डाग

लेंटचे चाळीस दिवस मी मटण सोडतो
आणि सोडलंय हे अख्ख्या मंडळीला ठाऊक असतं.
पहिल्या बाकावर जागा ठरलेली,
वर्गणीच्या यादीत नाव तिसरं,
शास्त्राच्या कातडी वेष्टनावर
सोनेरी अक्षरांत पुन्हा तेच.

आज प्रभुभोजनाचं ताट फिरत आलं
पांढऱ्या टॉवेलनं झाकलेलं.
टॉवेल माझ्याच कारखान्यातला, मीच दिलेला.
कडेची शिवण नरसव्वाची.

शनिवारी सहा नगांवर तेल निघालं,
मी तिचे दोनशे चाळीस कापले.
माग गळतोय हे मला महिनाभर माहीत होतं.
ती दारात जराशी थांबली,
मग चपला शोधत गेली.
तेच पैसे, वर साठ घालून,
माझ्या खिशात होते,
अर्पणाच्या पाकिटात.

भाकर घेतली नाही.
शांतवनमामांनी भुवई उचलली : तब्येत?
मी बाकावरून उठलो,
बूट किती वाजतात ते तेव्हा कळलं.

विडी घरकुल. अकराचं ऊन. पत्रे तडतडतायत.
नरसव्वानं दोनदा मोजले,
साठ परत केले. "हे माझं न्हाई."
माफीचं मी वाटेत जुळवून आणलं होतं,
ते घशातच राहिलं.
तिनंही विचारलं नाही.

मशीनवर बसता बसता म्हणाली,
"आज आयतवार नव्हं, शेट?
देवळात गेला नाय?"

"निघालोय," म्हणालो,
आणि तिच्या उंबऱ्यातच उभा राहिलो
मुठीत साठ रुपये भिजवत.