शेवटचा भाव

आज मी काजू विकायला बसले नाही.
टोपलीवर फडकं टाकलं, जिनिन्याला म्हटलं, लक्ष ठेव,
आणि जन्मात पहिल्यांदा
तोफोच्या बाजारात गिऱ्हाईक होऊन शिरले.

ओर्लांदा उद्या जातेय. पहाटे चारची बस,
मापुतोहून पुढे जोहान्सबर्ग,
कुणाच्या तरी घरात कुणाची तरी मुलं सांभाळायला.
बहिणीला काय द्यायचं?
इथून जाणारा जो तो काही ना काही नेतोच.
पाहुणे तर कागदात गुंडाळून, दोऱ्या आवळून,
समुद्रच उचलून न्यायचा असल्यासारखे.

सुलेमानेने कापुलाना उलगडली, पिवळ्यावर निळे मासे,
आणि म्हणाला, "चारशे, माय फ्रेंड."
मग वर पाहिलं.
"अगं डेर्सिया, तू होय! जिभेला वळणच पडलंय बघ."
न सांगता दीडशेवर आला.
पण ओर्लांदाकडे कापुलाना सात आहेत,
त्यातल्या दोन माझ्या,
तिने परत न केलेल्या.

बिअरच्या डब्यांच्या मोटारी पाहिल्या, चाकं फिरणाऱ्या.
रमच्या जुन्या बाटल्यांत भरलेलं पिरी-पिरी.
ते तर आई घरीच कुटते, नाक पुसत, सगळ्यांना शिव्या देत.
शंखांच्या माळा. शंख!
जिच्या टाचेत अजून एक तुकडा रुतलेला आहे, तिला?
नारळाच्या वड्या घ्याव्यात, तर सरहद्द येईपर्यंत
शेजारच्या सीटवरच्या पोरांत वाटून मोकळी होईल.

शेवटच्या टपरीत म्हातारा झाकारियास देवमासा कोरत होता.
सोळा देवमासे रांगेत, पाठीला पॉलिश,
सगळ्यांचे डोळे त्याच्या बायकोसारखे, किंचित तिरळे.
"बोल, कुठला?"
"देवमासा नको. तुम्ही बसलाय ती."

तो खवणीवर बसला होता.
ठेंगणा, बसून बसून खोलगट झालेला पाट,
पुढे लोखंडाची दातेरी जीभ,
तिच्यावर त्याने आपली टोपी अडकवलेली.

मागच्या नाताळात ओर्लांदा म्हणाली होती,
तिथे नारळाचं दूध डब्यातून येतं,
मातापाला साबणाची चव लागते.
सांगताना हसली,
पण ताटात बघत.

"हिला भाव नाही," झाकारियास म्हणाला.
"म्हणजे फुकट?"
"म्हणजे मला माहीत नाही. आईची होती.
कधी कुणी विचारलंच नाही."

मग आम्ही उलटी घासाघीस केली.
मी तीनशे म्हटलं, तो दोनशे.
मी साडेतीनशे, तो चिडून दीडशे,
बाजूच्या टपऱ्यांतली पोरं गोळा झाली मजा बघायला.
"दीडशे आणि अर्धा किलो काजू. तुकडा चालेल,
दात राहिलेत कुठे. शेवटचा भाव."
मी पैसे मोजले.
टोपी काढून घेतली त्याने, गुडघ्यांवर हात टेकत उठला,
आणि उभाच राहिला जरा वेळ,
कुठे बसावं ते न सुचून.

संध्याकाळी काजू द्यायला गेले
तर कोकच्या क्रेटवर बसलेला, वीतभर उंच झालेला.
"इथून समुद्र दिसतो," म्हणाला, तक्रार केल्यासारखा.
"कामात लक्ष लागत नाही."

पहाटे बसच्या टपावर चढवताना
पोऱ्याने पोतं हलवून पाहिलं.
"काय आहे यात? बकरी?"
दात मी चिंध्यांत बांधले होते,
तरी पाटाचा एक पाय पोत्याबाहेर आलाच.
ओर्लांदाने तो पाय पाहिला, बोटाने आत ढकलला,
काही बोलली नाही.
बस हलली तेव्हा खिडकीतून ओरडली,
"तुझ्या दोन्ही कापुलाना
आईच्या पेटीत आहेत. तळाशी. धुऊन ठेवल्यात."