लाभापासून

अप्पांच्या डोक्यात डाव्या बाजूला गुठळी झाली
आणि उजवा हात, उजवा पाय, जगातली सगळी नावं
एका दुपारी, उदगीरच्या मोंढ्यामागल्या गल्लीत,
चहाच्या बशीसकट खाली पडली.

शब्द राहिला तो एकच. आयला.
पाणी पाहिजे: आयला.
पंखा बंद करा: आयला.
सूनबाईच्या माहेरचे भेटायला आले तेव्हाही तोच,
आणि तेवढा मात्र खणखणीत.

निखतबाई मंगळवारी नि शुक्रवारी यायच्या,
स्कूटीच्या डिकीत एक डफली, एक आरसा, चित्रांचे पत्ते.
म्हणाल्या, बोलणं राहायचं ते घर पडलंय,
चाल शेजारच्या घरात राहते,
तिकडून हाक मारून बघू.
अप्पांचा डावा तळवा हातात घेऊन ठोके देत
दोन सुरांत म्हणायच्या: पा-णी.
पा खाली, णी वर. पा-णी.
अप्पा त्यांच्याकडं असे बघायचे
जसे ओल्या तुरीकडं बघायचे.

भजनं लावा, शेजारी म्हणाले.
आई म्हणाली, मठात ते प्रसादापुरतेच जायचे की ओ.

असे सहा आठवडे.

मग एका शुक्रवारी आईनं डब्यात घालायला
बाजेखालच्या पोत्यातून ज्वारी काढली.
पितळी अधोली भरली, ओतली,
दाणे पत्र्यावर सळसळले
आणि मागून आवाज आला:
लाभ लाभ लाभ लाभ लाभ

मापाडी एकाला एक म्हणत नाहीत.
पहिलं माप लाभाचं.
आणि आकडा टाकून द्यायचा नसतो,
पुढचं माप भरेपर्यंत तोंडात घोळवत ठेवायचा,
नाहीतर पोत्यात एक जास्त जातं
नि भांडण घरापर्यंत येतं.

आईचा हात हवेतच राहिला.
थांबू नका, निखतबाई हळूच म्हणाल्या, ओता.
दोन दोन दोन दोन
तीन ना तीन ना तीन
ज्वारी डबा भरून जमिनीवर आली
तरी आई ओतत होती.
सतरा. अठरा.
मग नुसताच श्वास.
मग वीस.

मोंढ्यात इलेक्ट्रिक काटा येऊन बारा वर्षं झाली.
लाल आकडे, गप्प माणसं.
अप्पा तेव्हापासून हमालांच्या कट्ट्यावर
पान खात बसायचे.
त्याच काट्यावर मी पावत्या फाडतो.
ही चाल त्यांनी कुठं ठेवली होती,
मला एकदाही ऐकू आली नाही.

आता बोलणं असं चालतं:
पाच म्हणायचं तर लाभापासून निघावं लागतं,
मधेच चढता येत नाही.
निखतबाईंनी त्याच चालीत पाणी बसवलं,
मग चहा, मग दुखतंय.
दुखतंय हा शब्द तर धड असतानाही
अप्पांनी कधी वापरला नव्हता.

मी तिसरा.
मला बोलवायचं तर आधीच्या दोघांवरून यावं लागतं.
थोरला पुण्याला आहे. मधली सहा वर्षांची असताना गेली.
तरी रोज संध्याकाळी, गोळ्यांच्या वेळेला,
हाक तिघांना जाते.
दोनवर आई भांडी जरा जोरात घासते.

तिचं नाव काही येईना.
म-हा-नं-दा, तळव्यावर चार ठोके,
आठ दिवस, पंधरा दिवस.
शेवटी तीच म्हणाली, राहू द्या आता,
चाळीस वर्षांत कधी घेतलं होतं?
पण शुक्रवार आला की
ती अंगणात आधीच खुर्ची मांडून ठेवते.

एकोणीस अजून येत नाही.
त्या जागी अप्पा डाव्या हातानं
मांडीवर एक थाप देतात.
निखतबाई म्हणतात, माप पडलं ना, झालं.
आई म्हणते, पडलं.
मी काट्याचा माणूस, मला ते पटायला वेळ लागतो,
तोवर वीस येऊन गेलेलं असतं.