डिझेलात पाणी

हर्णैच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
माझा स्टुडिओ : एक टेबल, दोन मॉनिटर,
कॅमेऱ्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या,
आणि खालून दिवसभर बर्फ फोडल्याचा आवाज,
जो माझ्या प्रत्येक निवेदनामागे बारीक ऐकू येतो.

धर्मा पावसेंची बोट मार्चात मोडीत निघाली.
सागवानी, सहा सिलिंडरची, 'जानकीकृपा'.
शेवटच्या फेरीचं शूटिंग मीच केलेलं,
फुल एचडी, सेकंदाला पन्नास फ्रेम.
दोनदा ओकलो, पण कॅमेरा सोडला नाही.

आता ती टाइमलाइनवर टाकली
तर चालेचना.
आवाज पुढे निघून जातोय, चित्र मागे राहतंय;
इंजिन धडधडतंय आणि बोट
एका लाटेवरून थेट तिसऱ्या लाटेवर.
मधली लाट कोणी खाल्ली?

प्लेबॅक निम्म्यावर आणला, मग पावावर.
चित्र पुसट झालं, अडखळणं तसंच.
कॅश पुसली. हार्ड डिस्कची वायर काढली,
फुंकर मारून परत घातली, जशी सगळेच मारतात.
प्रॉक्सी बनवायला लावल्या,
चाळीस टक्क्यांवर लाइट गेली.
यूपीएस चार मिनिटं ओरडला आणि निजला.

दुसऱ्या दिवशी धर्माकाका आले,
लिलावातून थेट, हातात पिशवी,
पिशवीतून ठिबकणारं पाणी
माझ्या एक्स्टेन्शन बोर्डापासून वीतभर.
स्टुलावर बसले. बघितलं.
"ही अशी चालत नव्हती रे."
म्हटलं, कॉम्प्युटर जुना आहे, रॅम कमी पडते.
"डिझेलात पाणी असंल. फिल्टर बघितलास?"
बघितला.
"मग पंप."
काका, इथे पंप नसतो.
"काहीतरी असंलच की जे ओढतंय,
आणि काहीतरी, ज्याला ओढवत नाही."

तेव्हा मी ते सेटिंग उघडलं
जे अकरा वर्षांत उघडलं नव्हतं.
प्रत्येक कामाला मी तीच जुनी फाइल घेतो,
नाव बदलतो, नवरा-नवरी बदलतो.
दापोलीच्या रियाझभाईंनी बनवून दिलेली,
कॅसेटच्या काळातली :
सातशेवीस बाय पाचशेशहात्तर,
पंचवीस फ्रेम, इंटरलेस्ड, खालचं फील्ड आधी.

काकांना सांगितलं.
"म्हणजे पापलेटच्या आसाचं जाळं घेऊन
जवळा धरायला गेलास."
मला आधी ते उलटं वाटलं.
मग वाटलं, बरोबर आहे,
निम्म्या फ्रेम तर खाली गळतच होत्या.

नवा सिक्वेन्स. क्लिप त्यावर ओढली.
सॉफ्टवेअरनं विचारलं,
क्लिपशी जुळत नाही, बदलू का?
हे ते दर वेळी विचारायचं.
मी दर वेळी 'राहू दे' दाबायचो.

वरची लाल रेघ गेली.
बोट निघाली, एकेक लाट मोजून,
सुवर्णदुर्गाच्या तटाकडे तोंड करून,
आणि नाळेवर उभा तांडेल, त्याच्या विडीचा धूरसुद्धा
सलग.

किल्ल्याच्या उत्तरेच्या टोकाला
परत हिसका.
मी मागे नेली. परत हिसका.
एकेक फ्रेम सरकवून मोजल्या :
पन्नासच्या पन्नास, एकही गळालेली नाही.
कार्ड खराब असेल म्हणून ते शोधायला लागलो.

"काय हुडकतोस?"
इथे अजून अडकतेय, काका.
"तिथं ती अडकायचीच. खाली खडप आहे,
पाणी फिरतं. बापाच्या वेळेपासून."
मी कार्ड परत डबीत ठेवलं.

एक्स्पोर्टला लावली.
राहिलेला वेळ : अकरा मिनिटं.
मग एकोणीस. मग चौदा.
काकांनी पिशवी बोर्डापासून थोडी लांब सरकवली
आणि वारा बघावा तसे
त्या आकड्याकडे बघत बसले.