ताप न आलेला हिवाळा

किसो-हिरासावात चीक वाळतो तो दमट कपाटात.
कोरड्या हवेत नुसता चिकट राहतो.
हात्सुएबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलं ते एवढंच.
दुसऱ्या दिवशी माझे डोळे सुजून बंद,
बिब्बा उतावा तसा उरुशी उतला होता
मनगटापासून गळ्यापर्यंत.
"उतू दे," त्या म्हणाल्या,
"झाडाची नि अंगाची ओळख होतेय.
भांडणावाचून कुठली ओळख."

तीन वर्षांनी माझं अंग निवलं.
त्याच थंडीत त्यांची बोटं उठली.
सकाळी मूठ वळेना;
केसांच्या ब्रशला फडकं गुंडाळून
दोन्ही तळव्यांत धरायच्या,
पहिलीतल्या पोरानं पेन्सिल धरावी तसा.

मात्सुमोतोला डॉक्टर इसोगाईंनी
पाकिटाच्या पाठीवर चित्र काढलं.
"हा इंटरल्यूकिन-सहा. पेशीनं पेशीला धाडलेला सांगावा.
कापलं, भाजलं, जंतू शिरला, की हा सुटतो,
यकृताला हलवून उठवतो,
मेंदूला म्हणतो चूल पेटव,
प्रतिपिंडं घडवणाऱ्यांना कामाला जुंपतो.
काम संपलं की गप्प.
तुमच्यात गप्प बसत नाही.
चोर नाही, दरोडा नाही, दवंडी चालूच."

"मग जीभ कापणार त्याची?"

"नाही. ऐकणाऱ्यांचे कान बुजवणार."

महिन्याला एक सलाईन.
चौथ्या महिन्यात मूठ वळली.
रिपोर्टात सांगाव्याचा आकडा मात्र वाढलेला;
मी घाबरलो, तर डॉक्टर म्हणाले,
दारं बंद आहेत ना,
निरोप उंबऱ्यावर साठलेत.

जानेवारी. बाई एका वाडग्याला
शेवटून दुसरा थर देत होत्या.
ताप नाही.
रक्तातला सीआरपी जवळजवळ शून्य.
जराशी धाप,
आणि ओठांना निळी कड. मला वाटलं, रंग लागलाय.
पुसायला फडकं पुढे केलं मी.

एक्स-रेत उजवं फुफ्फुस पांढरंफटक.

घर जळत होतं.
ओरडणारा घसा फाटेस्तोवर ओरडत होता.
बोळे आमचे होते.

अकरा दिवसांनी घरी आल्या.
सलाईन पुढे ढकललं होतं, सांधे परत फुगले.
माझा हात ओढून त्यांनी
तर्जनीच्या पेरावर ठेवला.
गरम होतं,
नुकत्याच निजलेल्या बाळाच्या टाळूइतकं.

"येतंय ऐकू?" त्यांनी विचारलं.

कपाटातलं वाडगं मी बाहेर काढायचं विसरलो होतो.